कादंबऱ्या नकोत, इतिहास, संतपरंपरा आणि घराण्याचा वारसा यांवरची खरी पुस्तकं शोधायची कशी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या तीन विषयांवर मराठीत वाचायचंय, पण दुकानात गेलं की हातात कादंबरीच ठेवतात, कल्पित नसलेली, भरवशाची पुस्तकं सापडतात कुठे?

दुकानदाराचा दोष नाही. ऐतिहासिक कादंबरी खपते, साधनग्रंथ (मूळ पत्रं, कागद जसेच्या तसे छापणारं पुस्तक) खपत नाही आणि दोन्ही ‘ऐतिहासिक’ म्हणून एकाच फळीवर लागतात. म्हणून दुकान शेवटी ठेवा. आधी लेखक, संपादक, आवृत्ती आणि साल एवढं कागदावर उतरवा.

नावं मिळवायची उत्तम जागा म्हणजे एखाद्या चांगल्या पुस्तकाची शेवटची पानं. पुस्तक हातात आलं की मागून उघडायचं: आधी नामसूची, मग संदर्भसूची, मग परिशिष्टं, शेवटी प्रस्तावना. सूची नाही, तळटिपा नाहीत आणि तीनशे वर्षांपूर्वीची माणसं अवतरणचिन्हांत पानपानभर बोलताहेत, तर वेष्टनावर काहीही छापलेलं असो, ती कादंबरी समजा. एकाच विषयावरच्या तीन पुस्तकांच्या संदर्भसूच्या शेजारी ठेवा. तिन्हींत येणारी नावं ती तुमची पहिली यादी. मराठ्यांच्या इतिहासात या वाटेने गेलात की हमखास वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’पाशी (पहिला खंड १८९८, एकूण २२) किंवा गो. स. सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपाशी पोचाल. तिथे पहिल्या पत्रापासून वाचायला बसू नका, आठवड्याभरात कंटाळाल. राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचा. त्या स्वतंत्र पुस्तकंच आहेत. सगळी मतं पटतील असं नाही, पण कागद कसा वाचायचा ते कळतं.

दुसरं साधन म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन भागांत त्या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. धर्म, इतिहास, चरित्र हे विभाग काढून बसलात तर एका दुपारी शंभरेक नावं मिळतात, आणि त्यातली बरीच आज कुणी उच्चारतही नाही. (शब्दकोशवाले दाते वेगळे, ते यशवंत रामकृष्ण. त्यांचा आणि चिं. ग. कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही जुनं गद्य वाचताना लागणारच.)

आता जिथे बहुतेक जण फसतात तो मुद्दा: आवृत्ती. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकला. त्याने लिहिलेली ही हकिकत चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापली, पण भाषा सुधारून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ साली आली. दुकानात दोन्ही परंपरांची पुनर्मुद्रणं एकाच नावाने मिळतात. ‘संपादक’ कोण ते न बघता घेतलंत तर वैद्यांनी इस्त्री केलेला गोडसे वाचाल. हाच नियम सगळीकडे लावा. नव्या आवृत्तीत ‘संक्षिप्त’, ‘सुलभ’, ‘रूपांतर’ यांपैकी शब्द दिसला की परिशिष्टं, टिपा आणि सूची शिल्लक आहेत का ते आधी तपासा. प्रकाशक खर्च वाचवताना पहिली कात्री तिथेच लावतात.

श्रद्धेच्या पुस्तकांत आवृत्तीचा घोळ आणखी मोठा. तुकोबांच्या गाथेच्या निरनिराळ्या छापील प्रतींत अभंगांची संख्याही वेगळी आणि क्रमही वेगळा. एखाद्या लेखकाने नुसता ‘अभंग १२००’ असा हवाला दिला असेल तर तो कुठल्या गाथेतला हे कळल्याशिवाय उपयोग नाही. संशोधक बहुधा विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी संपादित केलेल्या १८६९–७३ च्या प्रतीवर आधारलेली १९५० ची सरकारी गाथा धरतात. अभंग क्रमांकाने न शोधता पहिल्या चरणाने शोधा. गाथेच्या शेवटी चरणांची अकारविल्हे सूची असते. ज्ञानेश्वरीतही तेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची परंपरा वेगळी, राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत वेगळी. पारायणासाठी तुमच्या घरातली किंवा वारकरी फडावरची प्रतच ठेवा. अभ्यासाला मात्र पाठभेद दिलेली घ्या. आणि चरित्र म्हणून चमत्कारकथा नको असतील तर महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’पासून सुरुवात करा. म्हाइंभटाने पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून ते तेराव्या शतकात जमवलं. चमत्कार त्यातही आहेत, पण प्रसंग कुठे घडला, सोबत कोण होतं हे गावाच्या आणि माणसांच्या नावानिशी येतं.

घराण्याच्या वारशासाठी ‘कुलवृत्तांत’ हा शब्द लक्षात ठेवा. ही पुस्तकं कुलमंडळं स्वखर्चाने, थोड्या प्रतींत छापतात. दुकानात येत नाहीत, बऱ्याचदा आयएसबीएनही नसतो. आडनाव, मूळ गाव आणि गोत्र घेऊन मोठ्या ग्रंथालयाच्या ‘चरित्र’ किंवा ‘संकीर्ण’ विभागात विचारा. वाचताना सावध राहा: पहिल्या चार-पाच पिढ्या बहुधा ऐकीव असतात आणि जुन्या वृत्तांतांत लेकीबाळींची नुसती नावं, कधी तीही नाहीत. शिवाय ही पद्धत लिहित्या, वतनदार जातींची. ज्यांच्या घराण्याचे कागद कुणी ठेवलेच नाहीत त्यांचा वारसा आत्मकथनांत आहे. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हे माझ्या मते तुमच्या तिन्ही विषयांचं एकत्र पुस्तक आहे: महारवाड्यातले देवदेव, घरातल्या बायकांचं जगणं आणि आंबेडकरी चळवळीने पालटलेलं सगळं.

पुस्तकं मिळवण्याचं म्हणाल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) आणि वर सांगितलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) इथे जुना साठा आहे. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत, तिथेच बसून टिपणं काढावी लागतात. जाण्याआधी फोन करून वेळ आणि फोटोची परवानगी विचारा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात.

इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांची प्रचंड भर आहे, पण नोंदी रोमन लिपीत आणि स्पेलिंग मन मानेल तसं. ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय, कुणी जे-एन, कुणी जी-एन-वाय असा लिहितं. तिन्ही टाकून बघा, नाहीतर फक्त लेखकाच्या आडनावाने शोधा. फाइल उतरवल्यावर घडीचे नकाशे आणि वंशवेली बघा. स्कॅन करताना त्या उलगडलेल्याच नसतात, म्हणजे नेमकं हवं ते पान अर्धं. हक्कांचं बघायचं तर लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनहक्क राहतो. १९२६ साली गेलेल्या राजवाड्यांचं लेखन त्यामुळे खुलं आहे. अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र खुल्या नसतात.

जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असतो: इ. स. काढायला त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४. पेशवाईतल्या पत्रांवर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर ते शुहूर सन, म्हणजे अरबी अंकनामांत लिहिलेलं त्या काळच्या कागदांतलं वर्ष: इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, मिळून ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इ. स. १७७०–७१. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे महिना पाहूनच कुठला आकडा मिळवायचा ते ठरवा.

परदेशात असाल तर वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीत नाव शोधून, जवळच्या विद्यापीठ ग्रंथालयामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेवीने पुस्तक मागवता येतं. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आणि महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देवनागरीतूनच शोधता येतात.