पौर्णिमेची रात्र आणि तंबूची जागा

प्रश्न : आम्ही उभयता पन्नाशीच्या आतबाहेरचे आहोत. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून सुट्टीत स्वतःच्या छोट्या गाडीने हिंडू लागलो आहोत. जानेवारीत आठ दिवस काढून पुण्याहून भोर, वरंध घाट, महाड, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण असे उतरत जावे आणि आंबोली घाटाने कोल्हापूरमार्गे परतावे, असा बेत आहे. मुक्काम शक्य तेथे स्वतःच्या तंबूत करायचा आहे, आणि पौष पौर्णिमेची रात्र गुहागरच्या वाळूत काढावी, अशी माझी फार इच्छा आहे. रोज दोनशे किलोमीटर सहज होतील आणि जागा संध्याकाळी पोहोचल्यावर शोधता येईल, असे यजमानांचे म्हणणे आहे. हा बेत जमण्याजोगा आहे का? तंबूची जागा कशी निवडावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या बेतात मला सर्वांत आधी खटकली ती पौर्णिमा, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

किनाऱ्यावरच्या लोकांचे एक जुने गणित आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. जागेनुसार यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. आता हे आपल्या रात्रीला लावून पाहा. पौर्णिमेला आपण संध्याकाळी पाच-साडेपाचला गुहागरला पोहोचाल, तेव्हा ओहोटी असेल, समुद्र लांबवर गेलेला असेल आणि समोर एवढी रुंद, सपाट वाळू पसरलेली दिसेल की तंबू कोठेही ठोकला तरी चालेल असे वाटेल. पाणी सर्वांत वर येईल ते मध्यरात्रीच्या आसपास, आपण दोघे गाढ झोपेत असताना, आणि ती साधी भरती नसून उधाणाची असेल. याउलट अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही, आणि जेवढे चढते तेवढे संध्याकाळी आपल्या डोळ्यांदेखत चढून जाते.

हा धडा मी वेळणेश्वरला घेतला. द्वादशीला तंबू ठोकला, तीन रात्री कोरड्या गेल्या, त्यामुळे जागा पारखून घेतल्यासारखी वाटू लागली. पौर्णिमेच्या रात्री पत्नीला जाग आली ती पाय गार पडले म्हणून. विजेरी लावली तेव्हा माझी एक चप्पल तंबूच्या दारात तरंगत होती. दुसरी आजतागायत सापडलेली नाही. चूक सर्वस्वी माझी होती, आणि पत्नी ती अद्याप विसरलेली नाही.

म्हणून पोहोचल्यावर समुद्राकडे न पाहता आधी वाळूकडे पाहावे. ओल्या शिंपल्यांची आणि शेवाळाची एक ताजी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची. तिच्या बऱ्याच वर, वाळलेल्या काटक्या, झावळ्यांचे तुकडे, चपला आणि बाटल्या यांची दुसरी रेघ असते, ती मोठ्या उधाणाची. त्याहून वर जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरलेली आढळते. तिचे नावच मर्यादवेल आहे. ती जेथे बिनधास्त वाढली आहे तेथवर समुद्र सहसा येत नाही. तंबू तिच्याही मागे, सुरूच्या झाडांच्या आडोशाला असावा. सुरूची बने पुष्कळ ठिकाणी वनखात्याची असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय तेथे उतरू नये. माझा आग्रह तर असा आहे की किनाऱ्यालगतच्या एखाद्या वाडीच्या मालकांना भेटावे, योग्य ते पैसे द्यावेत आणि त्यांच्या अंगणात तंबू लावावा. विहीर, शौचालय आणि रात्री हाकेच्या अंतरावर माणूस, या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. तंबू मात्र माडाखाली नको. नारळ पडायला वारा लागतोच असे नाही.

पौर्णिमा सोडून द्या असे मी म्हणत नाही. संध्याकाळी चटई घेऊन वाळूत बसावे, चंद्र वर येईपर्यंत थांबावे, पाणी चढताना पाहावे आणि दहाच्या सुमारास वाडीत परतावे. विजेऱ्या आणि शेकोटी मात्र किनाऱ्यावर नको. हिवाळ्याचे हे दिवस ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वाळूत अंडी घालायला येण्याचे आहेत. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर त्यांची घरटी जपली जातात. मादी उजेड पाहून माघारी फिरते. गाडीही वाळूत उतरवू नये. रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही.

साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. गोणपाटाच्या लहान पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोऱ्या बांधून त्या हातभर खोल पुराव्यात. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून सुटतात. तंबूचे तोंड समुद्राकडे ठेवल्यास पहाटेचा गार वारा पाठीवर घेता येतो, हे पांघरूण कमी नेलेल्यांना लवकर कळते.

आता अंतराविषयी. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दोनशे किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस, हे यजमानांचे गणित त्या रस्त्यावर बरोबर आहे. पुण्याहून वरंधमार्गे दापोलीही सुमारे तेवढीच भरते, पण तिला पूर्ण दिवस जातो. वरंध घाट पावसाळ्यात आणि कामांमुळे वेळोवेळी बंद असतो, म्हणून निघण्यापूर्वी भोरला चौकशी करावी. बंद असल्यास ताम्हिणीने माणगावला उतरावे. पुढे खाड्या आहेत. दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी ओलांडायची आणि तवसाळहून जयगडला शास्त्री, तर दोन्हीकडे गाडीसकट फेरीबोट मिळते आणि मोठा वळसा वाचतो. परंतु रात्री ही बोट बंद असते, आणि शेवटची फेरी चुकली की अंधारात चिपळूणची वाट धरावी लागते. जागा दिवसाउजेडी पाहायची असेल, तर चारच्या आत मुक्कामाला पोहोचलेच पाहिजे. हिशेबी अंतर त्यामुळे रोज १०० ते १२० किलोमीटर धरावे.

याचा अर्थ आठ दिवसांत मालवण आणि आंबोली बसत नाहीत. दापोलीला दोन रात्री, गुहागर-वेळणेश्वर भागात दोन, गणपतीपुळ्याला एक, मग रत्नागिरीहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून वर एक, आणि कोल्हापूरला एक, असे केले तर आठव्या दिवशी पुणे गाठता येते आणि डोंगरही हुकत नाहीत. मालवण पुढच्या वर्षासाठी राहू द्यावे. आंबा घाटातल्या जंगलात तंबू टाकू नये. गावातील एखाद्या घराच्या अंगणातच उतरावे आणि पाणवठ्यालगतची सखल जागा टाळावी, कारण थंड हवा रात्री तेथेच साचते आणि सकाळी तंबू दवाने पिळून काढण्याइतका भिजतो. उतरणीवर ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये गाडी उतरवावी. केवळ ब्रेकवर उतरल्यास ते तापून निकामी होतात.

प्रश्न : थंडी असेल तर पेटती शेगडी तंबूत ठेवता येईल का? आणि विंचू-सापाचे काय?
— त्याच वाचक

उत्तर : शेगडी तंबूत अजिबात ठेवू नये. कोळशाच्या धुमीतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही, आणि बंद मोटारीलाही हाच नियम लागू आहे. गॅसची छोटी शेगडी बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला पेटवावी.

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, फुरसे हे विषारी जनावर आढळते. ते जेमतेम हातभर लांब, रात्री हिंडणारे आणि चटकन चावणारे असते. म्हणून सड्यावर दगड उचलू नयेत, आणि रात्री तंबूबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उजेड पाडावा. लाल विंचवाचा दंश कोकणात पूर्वी अनेकांच्या जिवावर बेतत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून मृत्यू पुष्कळ कमी झाले. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये आणि वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे. वाटेतील अशी रुग्णालये आधीच कागदावर लिहून गाडीत ठेवावीत. बूट रात्री तंबूच्या आत घ्यावेत आणि सकाळी उलटे करून आपटूनच पायांत घालावेत. चपला आत घेण्याची सवय मला कशी लागली, ते वर सांगितलेच आहे.