पावसाचे पाणी, कारखान्याचे सांडपाणी आणि कायदा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

औद्योगिक सांडपाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे पावसाळ्याशी संबंधित आहेत. त्यांतील चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. मजकूर थोडा संक्षिप्त केला असून, पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि संबंधित कारखान्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव कोकणातील एका रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या उताराला आहे. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वसाहतीकडून येणाऱ्या नाल्याला लालसर, उग्र वासाचे पाणी येते आणि एक-दोन दिवसांत खाडीत मासे मरून वर येतात. तक्रार केल्यावर आम्हाला सांगण्यात आले की, हे कारखान्याचे सांडपाणी नसून आवारातून वाहून आलेले पावसाचे पाणी आहे आणि त्याला कोणतीही मानके लागू होत नाहीत. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. आपल्याला दिलेले उत्तर कायद्याला धरून नाही.

नदीनाल्यांच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ (पुढे नुसते 'मंडळ') स्थापन झाले होते. आज लागू असलेला केंद्रीय कायदा म्हणजे जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४. त्याच्या कलम २४ नुसार कोणतेही विषारी, अपायकारक किंवा प्रदूषक द्रव्य प्रवाहात, विहिरीत, गटारात अथवा जमिनीवर, थेट किंवा अप्रत्यक्षपणे, जाणूनबुजून जाऊ देण्यास मनाई आहे. ते द्रव्य नळातून आले की पावसाने वाहून आणले, असा भेद या कलमात केलेला नाही. 'प्रवाह' या संज्ञेत नदी आणि खाडी तर येतेच, शिवाय काही काळ कोरडा असलेला जलमार्ग आणि भूजलही येते. त्यामुळे 'तो तर पावसाळी नाला आहे' हा युक्तिवादही टिकत नाही. औद्योगिक सांडपाण्याची व्याख्यासुद्धा कारखान्याच्या आवारातून बाहेर पडणारे घरगुती मैल्याव्यतिरिक्तचे द्रव, वायू किंवा घन द्रव्य सामावून घेणारी आहे. अंगणात सांडलेला रंग किंवा आम्ल पावसाने धुऊन नाल्यात गेले, तर ते या व्याख्येबाहेर राहू शकत नाही.

दुसरा आधार कारखान्याच्या संमतीपत्रात सापडेल. कलम २५ खाली मंडळ जे संमतीपत्र देते, त्यात रोज किती सांडपाणी निर्माण होईल, त्यावर कोणती प्रक्रिया होईल आणि ते कोठे सोडले जाईल हे लिहिलेले असते. त्याबरोबरच, सांडपाण्यासाठी स्वतंत्र वाहिन्या असाव्यात आणि पावसाचे पाणी सांडपाण्यात मिसळू देऊ नये, अशी अट महाराष्ट्रातील संमतीपत्रांत सर्रास घातलेली असते. नाल्याला रंगीत पाणी येत असेल, तर ही अट पाळली जात नसण्याची दाट शक्यता आहे.

तरीही एक उणीव मान्य करावी लागेल, आणि माझ्या मते आपल्या नियमनातील ही सर्वांत मोठी फट आहे. आपल्याकडे कारखान्याच्या पावसाळी पाण्यासाठी वेगळा परवाना नाही. नमुना घेण्याची नेहमीची जागा म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे बाहेर पडण्याचे तोंड. अतिप्रदूषक गणल्या गेलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना २०१४ पासून जी ऑनलाइन मोजणी यंत्रे बसवण्यास सांगण्यात आले, त्यांपैकी सांडपाण्याची यंत्रेही तेथेच असतात. पावसाळी गटार कुंपणाबाहेर जेथे उघडते तेथे मात्र ना यंत्र असते, ना नियमित नमुना. साहजिकच, प्रक्रिया केंद्राचे आकडे महिनोन्‌महिने निकषांत बसत असतानाच शेजारच्या गटारातून वाट्टेल ते वाहू शकते आणि कागदावर त्याची नोंदही होत नाही.

पहिल्याच पावसात मासे का मरतात, याचे कारणही येथेच आहे. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत आवारात सांडलेली भुकटी, पिंपांखालचे ओघळ, उघड्यावर ठेवलेला गाळ आणि गटाराच्या तळाशी साचलेले द्रव्य पहिल्या काही सरींत एकदम सुटते. नाल्याला तोपर्यंत पुरेसे पाणी आलेले नसते आणि त्यातील विरघळलेला प्राणवायू लगेच संपतो. याशिवाय, पावसाचा आडोसा घेऊन साठवलेले सांडपाणी मुद्दाम सोडून देण्याचे प्रकारही घडतात, हे औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

'पावसात सगळे पातळ होते' हा समजही तपासून पाहिला पाहिजे. समजा, एखाद्या कारखान्याने ५०० घनमीटर सांडपाणी सोडले आणि त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), लिटरला ३०० मिलिग्रॅम होती. त्यात दहापट होईपर्यंत पावसाचे पाणी मिसळले तर मोजणी ३० मिलिग्रॅम येईल. नदीनाल्यात सोडण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सर्वसाधारण मानकांतील कमाल मर्यादा नेमकी तीच आहे, म्हणजे अहवाल निर्दोष दिसेल. खाडीवर पडणारा बोजा मात्र दोन्ही वेळा १५० किलोच राहील. म्हणून मिलिग्रॅमच्या आकड्याबरोबर किती पाणी गेले हेही विचारले पाहिजे.

आपल्याला एक साधी तपासणी सुचवतो. मार्च-एप्रिलमध्ये, कित्येक आठवडे पाऊस नसताना, वसाहतीची पावसाळी गटारे जेथे नाल्याला मिळतात तेथे जाऊन पाहावे. पावसाळी गटार त्या दिवसांत कोरडे ठणठणीत असले पाहिजे. त्यात पाणी वाहताना दिसले तर ते कोणाचे तरी सांडपाणी, थंडीकरणाचे पाणी किंवा फुटलेली जलवाहिनी असते, आणि प्रत्येकाचा उगम शोधता येतो. जूनमध्ये शंभर प्रवाह एकत्र झाल्यावर जे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते, ते एप्रिलमध्ये चेंबरमागून चेंबर उघडत गेल्यास अर्ध्या दिवसात कळते. मंडळाने आणि एमआयडीसीने अशी कोरड्या दिवसांतील पाहणी दरवर्षी करावी, अशी लेखी मागणी आपल्या ग्रामपंचायतीने ठरावाद्वारे करावी.

प्रश्न : माझा धातूंवर मुलामा देण्याचा लहान कारखाना आहे. आवार सुमारे अर्धा एकर असून बहुतेक सिमेंटचे आहे. रोज २५ घनमीटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र आहे आणि अनेक कारखान्यांच्या सांडपाण्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या सामूहिक केंद्राचे आम्ही सभासदही आहोत. पाहणीत पावसाचे पाणी नाल्यात जाते म्हणून आक्षेप घेण्यात आला. ते पाणी आम्ही सरळ प्रक्रिया केंद्रात वळवले तर प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, परंतु सगळे पाणी केंद्रात वळवल्याने केंद्रच बिघडेल. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर आपल्या आवारातून १०० घनमीटरच्या आसपास, म्हणजे केंद्राच्या चार दिवसांच्या क्षमतेइतके पाणी एका तासात येईल. रसायने मिसळून गाळ खाली बसायला जो वेळ लागतो तो मिळणार नाही आणि बसलेला धातूयुक्त गाळही उचलला जाऊन बाहेर पडेल. सामूहिक केंद्रात तर प्रदूषण खाणारे जिवाणूच धुऊन जातात आणि ती जैविक प्रक्रिया पूर्ववत व्हायला कित्येक दिवस लागू शकतात.

केवळ दूषित होऊ शकणारे पाणीच अडवावे, हा खरा उपाय आहे. छपराचे पाणी, त्यावर धुराड्याची किंवा आम्लाच्या वाफांची राख-भुकटी बसत नसेल तर, पन्हाळीने वेगळे काढून थेट पावसाळी गटारात किंवा पुनर्भरणाला द्यावे. उरलेल्या अंगणातून येणाऱ्या पहिल्या दहा मिलिमीटर पावसासाठी टाकी बांधावी. सगळे अंगण उघडे धरले तरी हे पाणी २०,००० लिटरच्या आत बसते, आणि पाऊस ओसरल्यावर ते थोडेथोडे करून प्रक्रिया केंद्रात घेता येते. त्यापुढचे पाणी, सामू (पीएच) आणि रंग तपासून, पावसाळी गटारात सोडता येईल. मात्र ही व्यवस्था करण्यापूर्वी तिचा आराखडा मंडळाला सादर करून संमतीपत्रात नोंदवून घ्यावा. तोंडी होकारावर विसंबू नये.

टाकीपेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे पावसाला काही धुण्यासारखे सापडूच न देणे. आम्लाची पिंपे, क्रोमिक आम्लाचे डबे, गाळाच्या गोण्या, डिझेल जनरेटर आणि माल चढवण्या-उतरवण्याची जागा शेडखाली घ्यावी. साठवणुकीच्या टाक्यांभोवती कठडा असावा, त्यात सर्वांत मोठ्या टाकीपेक्षा थोडे अधिक द्रव मावावे आणि त्याची झडप नेहमी बंद राहावी. ही झडप पावसाचे साचलेले पाणी काढण्यासाठी उघडून तशीच ठेवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तशा स्थितीत कठडा असून नसल्यासारखाच असतो. पावसाळी गटाराच्या बाहेरच्या तोंडाला लोखंडी दार बसवा, म्हणजे आवारात काही सांडले तर ते कुंपणाच्या आत रोखता येईल. अपघाताने विषारी द्रव्य नाल्यात गेलेच, किंवा जाण्याचा धोका निर्माण झाला, तर कलम ३१ नुसार मंडळाला ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे.

सामूहिक केंद्राच्या सभासदत्वाने आपली स्वतःची जबाबदारी संपत नाही, हेही लक्षात घ्यावे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, ज्या उद्योगांची स्वतःची प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा सुरू नाही त्यांना काम चालू ठेवू देऊ नये, असा आदेश दिला. आपल्या व्यवसायात याला विशेष अर्थ आहे. क्रोमियम, निकेल किंवा जस्त हे धातू जिवाणूंना नष्ट करता येत नाहीत; ते एक तर गाळात साचतात किंवा पाण्याबरोबर पुढे जातात. षट्‌संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाची, नदीनाल्यासाठीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. त्याचे आम्लधर्मी पाण्यात बायसल्फाइटच्या साहाय्याने त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करून, मग चुना टाकून तळाशी बसवणे हे काम आपल्याच कारखान्यात झाले पाहिजे. अंगणात पिवळसर डाग दिसत असतील, तर तेथून वाहणाऱ्या पहिल्या पाण्याची क्रोमियमसाठी चाचणी करून घ्यावी.

प्रश्न : मी पुण्यात पर्यावरण अभियांत्रिकी शिकतो. अमेरिकेत कारखान्यांच्या पावसाळी पाण्याला वेगळा परवाना लागतो असे वाचले. त्याचे स्वरूप काय आहे?

उत्तर : तेथील १९७२ च्या जलशुद्धी कायद्यात १९८७ मध्ये पावसाळी पाण्याचा स्पष्ट समावेश झाला आणि १९९० मध्ये त्याचे नियम आले. ठरावीक प्रकारच्या उद्योगांना या परवान्याखाली आवाराचा नकाशा, प्रदूषणाची संभाव्य स्थळे आणि त्यांवरचे उपाय यांचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. केंद्रीय सर्वसाधारण परवान्यानुसार पाणी वाहू लागल्यापासून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात नमुना घेऊन रंग, वास, गढूळपणा, फेस आणि तेलाचा तवंग यांची दर तिमाहीला नोंद करायची असते. काही घटकांसाठी संदर्भमूल्ये ठरवलेली आहेत. ती ओलांडली गेली म्हणजे लगेच गुन्हा होत नाही, परंतु कारखान्याला उपाययोजना सुधारणे भाग पडते. सर्व माल आणि यंत्रे आच्छादनाखाली असतील तर परवान्यातून सूटही मिळू शकते. ही शेवटची तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ती उद्योजकाला शेड बांधण्याचे सरळ कारण देते. आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडणाऱ्या कोकणासाठी नमुना घेण्याच्या वेळा वेगळ्या ठरवाव्या लागतील, पण आराखडा आणि डोळ्यांनी करायची नोंद या दोन गोष्टी संमतीपत्राच्या अटी म्हणून आजही घालता येण्यासारख्या आहेत.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. नाल्याच्या पाण्याचा नमुना आम्ही खासगी प्रयोगशाळेतून तपासून घेतला. अहवालात प्रदूषण स्पष्ट असूनही, हा पुरावा चालत नाही असे सांगितले गेले. मग आम्ही काय करावे?

उत्तर : खटल्यापुरते ते म्हणणे बरोबर आहे. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ नुसार कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याच्या प्रमुखाला किंवा प्रतिनिधीला तेथल्या तेथे नोटीस देऊन, त्याच्या उपस्थितीत दोन भागांत विभागून, सीलबंद करून घ्यायचा असतो. ही पद्धत पाळली नाही तर त्या पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. तथापि, आपला अहवाल निरुपयोगी नाही. अधिकाऱ्यांना नमुना घ्यायला भाग पाडण्यासाठी तो पुरेसा आधार आहे. त्यासाठी तो नीट घेतलेला हवा. वसाहतीच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा असे दोन नमुने घ्यावेत. सामू जागेवरच मोजावा. तेलासाठी काचेची बाटली वापरावी. बाकीच्या बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवाव्यात. आणि वेळ व ठिकाण दिसेल असे छायाचित्र काढावे.

त्याबरोबर दोन अधिकार वापरावेत, ज्यांची माहिती फार थोड्यांना असते. कलम २५ च्या सहाव्या उपकलमानुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्यामुळे बाधित होणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. नाल्यावर कोणत्या कारखान्यांची गटारे उघडतात आणि त्यांना कोणत्या अटी आहेत, हे आधी तेथून लिहून घ्यावे. कलम ४९ नुसार मंडळाला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि अशा वेळी मंडळाकडील संबंधित अहवाल मागण्याचा त्याला अधिकार आहे. प्रत्यक्षात अशी नोटीस मिळाल्यावरच पाहणीला गती येते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. मंडळाकडे कलम ३३-अ खाली उत्पादन बंद करण्याचे, वीज आणि पाणी तोडण्याचे अधिकार आहेत. नोटिशीत त्यांचा नेमका उल्लेख करून मागणी करावी.

एवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तेथे पर्यावरणविषयक वादासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. मासेमारीचे किंवा शेतीचे नुकसान भरून मागायचे असेल तर मुदत पाच वर्षांची आहे. त्यामुळे यंदा पाणी पहिल्यांदा कोणत्या तारखेला रंगीत दिसले हे ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात नोंदवावे, त्याच आठवड्यात मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि त्याची तारखेसह पोच घेऊन जपून ठेवावी.