नागपूरजवळ तलावाकाठी घोडे घेऊन दोन रात्री मुक्काम करायचा आहे. काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की घरच्या दोन घोड्या आहेत, तिघं जण निघणार आहात, बेत डिसेंबरचा आहे आणि मनात तोतलाडोह, खिंडसी किंवा झिलपी आहे. माझ्या बाबांचा सीताबर्डीवर टांगा होता, त्यामुळे मी घोड्यांतच वाढले. आजही दारात एक घोडी आहे आणि हिवाळ्यात तिला घेऊन धरणांच्या काठी बरेच मुक्काम केलेत. त्यावरून सांगते.

तोतलाडोह डोक्यातून काढून टाका. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे घोडा घेऊन रात्र काढायचा प्रश्नच नाही. बोर धरणाचंही तसंच, २०१४ पासून तोही व्याघ्र प्रकल्प आहे. रामटेकजवळच्या खिंडसीचं पाणी फार देखणं, पण जंगलाच्या अंगाला थांबू नका, गावाच्या बाजूला राहा. झिलपी हिंगण्याकडे, शहरापासून जवळ. मात्र रविवारी तिथे गाड्या, गाणी, गर्दी. घोडी बुजते, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस धरा. सगळ्यात उत्तम म्हणजे जलाशयाला लागून असलेलं एखाद्या शेतकऱ्याचं शेत. त्याला विचारा, गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला आणि तिथल्या मासेमारांनाही भेटा. काठच्या उथळ पाण्यात त्यांची जाळी असतात. घोडीचा पाय त्यात गुंतला की जाळंही गेलं आणि पायही.

आता खरी गोष्ट. समोर पाणी दिसतंय म्हणजे घोड्याला पाणी मिळालं असं नाही. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, मग रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटतं आणि पातळी उतरत जाते. उघडा पडलेला काठ म्हणजे काळी माती आणि गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, माणूस चालून जातो. पण साडेतीनशे किलोचं जनावर चार खुरांवर उभं राहतं तेव्हा ती पापडी फुटते. एकदा माझी घोडी पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर मागच्या पायांनी ढोपरापर्यंत रुतली. धडपडली असती तर पाय गेला असता. मी लगाम सोडून तिच्या मानेशी उभी राहिले, बोलत राहिले, आणि सोबतच्या दोघांनी हातांनी चिखल उपसला. अर्ध्या तासाने ती निघाली तेव्हा एक नाल आतच राहिला होता. तेव्हापासून आधी एक दिवस एकटी जाऊन येते. हातात काठी घ्यायची आणि काठ टोचत पाण्यापर्यंत जायचं. जिथे मुरूम किंवा खडी लागते, गावची गुरं जिथून पाण्यावर उतरतात, तीच आपली वाट. अशी वाट सापडली नाही तर जागा बदला, नाहीतर बादलीने पाणी आणायची तयारी ठेवा. एका घोडीला थंडीतही दिवसाला वीस-तीस लिटर लागतं, चालून आली असेल तर आणखी.

पाणी हिरवं, साय धरल्यासारखं दिसलं तर पाजू नका. ते शेवाळ विषारी असू शकतं. आणि घोडा परकं पाणी पटकन तोंडाला लावत नाही, ही गोष्ट बरेच जण विसरतात. घरूनच चार-पाच दिवस पाण्यात चिमूटभर गूळ घालत जा. मुक्कामावरही तोच गूळ घातला की चव ओळखीची लागते.

काठावर बेशरम असतेच. उंच, फिकट जांभळ्या फुलांची, तलावाच्या कडेने दाट माजलेली. जनावराला ती विषारी आहे. तिच्याजवळ घोडी बांधू नका, भुकेली जनावरं कोवळा पाला ओढतात. एरंडीपासूनही लांब. तिच्या बिया तर घोड्याच्या जिवावर बेततात.

वैरण घरचीच न्या, तीही जी रोज खातात तीच. वैरण एकाएकी बदलली की पोट दुखतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळ जिवावर येतो. वजनाच्या शेकडा दोन धरलं तर साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलो कोरडी वैरण लागते. तीन दिवस, दोन घोड्या, म्हणजे बेचाळीस. पन्नास किलो कडबा आणि कुटार टेम्पोत टाका. भिजवलेला हरभरा तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, थोडा-थोडाच द्या. घोडी खाणं सोडून सारखी कुशीकडे बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, परत परत लोळू लागली, तर वाट बघत बसू नका, पशुवैद्याला फोन करा. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यांचा नंबर आणि मुक्कामाच्या गावाजवळच्या डॉक्टरांचा नंबर निघण्याआधीच लिहून ठेवा. धरणाकाठी रेंज नसते, तेव्हा कुठे उभं राहिलं की फोन लागतो तेही दिवसा उजेडी बघून ठेवा.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा आणि सर्रा या आजारासाठी रक्त तपासायला सांगा. सर्रा गोमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि पाणथळ भागात गोमाश्या जास्त. नाल सातेक दिवस आधी बदला, आदल्या दिवशी नाही. खिळा चुकीचा बसला असेल तर लंगडणं घरीच दिसू दे.

अंतराचं म्हणाल तर रोज सवय नसलेल्या घोडीला दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पुष्कळ झालं. रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, तेही महामार्गाने. तेवढं चालवत नेऊ नका. टेम्पोतून न्या, तळाला वाळू आणि तणीस टाका, मग गावच्या कच्च्या रस्त्याने शेवटचे पाच-सात किलोमीटर चालवा.

रात्री बांधणं हे माझ्या मते सगळ्यात नाजूक काम. दोन पक्क्या झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणा आणि त्याला अंतर ठेवून घोड्या बांधा. गाठ अशी मारा की मोकळं टोक ओढताच सुटेल. घोडीच्या गळ्याचा दोर इतकाच सैल ठेवा की खाली चरताना पाय त्यात अडकणार नाही. झाड नसेल तर मेख ठोकून अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून डोक्याला आणि मागून पायांना दोर, पण घोडीला घरी सवय असेल तरच. तंबू काठापासून साठ-सत्तर पावलं वर, घोड्या तंबूच्या वाऱ्याच्या बाजूला नकोत. डिसेंबरात दव पडतं, पाठीवर झूल टाका. रात्री कान टवकारून दोघी एकाच दिशेला बघत फुरफुरल्या, तर टॉर्च घेऊन बाहेर या. बिबट असो की कुत्रं, त्यांना आपल्या आधी कळतं. लीद सकाळी उचलून शेतकऱ्याला द्या, त्याला हवीच असते. पाण्यात टाकू नका, तेच पाणी खालची गावं पितात.

पाण्यात उतरताना खोगीर काढूनच उतरा. घोडी पुढच्या पायाने पाणी उडवू लागली की समजा, आता बसणार. माझं एक खोगीर असंच भिजून वाया गेलंय. खोल पाण्यात पोहवायच्या नादी तर लागूच नका. तळाशी झाडांची बुडखं असतात, ती वरून दिसत नाहीत.

पहाटे खोगीर चढवण्याआधी पाण्यावर न्या. पिताना प्रत्येक घोटाला तिचे कान हलतात, बघा. कान थांबले, तिने मान वर केली, तरी लगेच ओढू नका. ती एकदा इकडेतिकडे बघते आणि पुन्हा तोंड लावते. दुसऱ्यांदा मान वर करेल तेव्हा परत फिरा.