बोलेरोला जुना टो हुक: वेल्डिंग नको, बोल्टच

तुम्ही विचारलंय की २००८ च्या बोलेरोला भंगारातून घेतलेला टो हुक, म्हणजे मागे ट्रॉली जोडायचा हुक, वेल्डिंग मारून बसवला तर चालेल का, आणि मग जनरेटरची ट्रॉली इंदूर-खंडवा रोडने नेता येईल का. पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: चालणार नाही. हुकाच्या वजनासाठी चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंगचा रॉड लावू देऊ नका, समोरचा कारागीर कितीही जुना असो.

इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे इंदूरच्या सांवेर रोडच्या शेडमध्ये रॅम्पवर चढलेली अशीच एक बोलेरो. तक्रार होती मागून खडखड येते, कमानीच्या शॅकलचे (कमान चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश बदला. बुश चांगले होते. हुक मात्र दोन्ही बाजूंनी अँगल लावून थेट चॅसीच्या दांड्यांना वेल्ड केलेला होता, वरून काळा रंग मारलेला. चिखल आणि अंडरकोटिंग तारेच्या ब्रशने काढलं तर उजव्या दांड्यावर वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसली. ती रंगाची आहे की लोखंडाची हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तिथे डिझेल फासायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, चिंधीने अगदी कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची आणि शेजारी हातोडीने हलके ठोके द्यायचे. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी ओली रेघ उमटते. इथे ती वेल्डच्या खालच्या कोपऱ्यातून निघून दांड्याच्या तळाकडे गेली होती आणि कड वळून खालीही पोचली होती. डाव्या बाजूला सुरुवात झाली होती.

असं का होतं ते समजून घ्या, कारण याच मुद्द्यावर माझा एका वेल्डरशी जुना वाद आहे. तो म्हणतो, ‘चॅसी कंपनीतूनच वेल्ड होऊन येते, मग मी चार इंच मारला तर काय बिघडलं?’ बिघडतं ते असं. कंपनीत वेल्ड जिगवर, म्हणजे भाग पक्के धरून ठेवणाऱ्या साच्यावर होतो, त्याची जागा ठरवलेली असते, आणि रंग त्यानंतर चढतो, दांड्याच्या आतूनही. आपण नंतर वेल्ड मारतो तेव्हा आतला रंग जळतो. तिथे हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही, म्हणून गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसरं म्हणजे वेल्डच्या कडेला लोखंडाचा गुण बदलतो आणि जाडीही एकदम बदलते: इकडे पातळ दांडा, तिकडे जाड अँगल. ट्रॉली एकसारखी ओढत नसते. ब्रेक मारला की ढकलते, खड्ड्यात उचलते, खड्ड्यातून निघाली की दाबते. तार पुढेमागे वाकवून तोडतो ना, तेच त्या कडेवर चालू असतं. वेल्ड तुटत नाही, वेल्डशेजारची चॅसी तुटते. म्हणून ‘माझा वेल्ड आजवर सुटला नाही’ हे त्याचं म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नाही.

त्या गाडीची दुरुस्ती अशी झाली. आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढली, अल्टरनेटरचा आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढला, डिझेलचे पाइप बाजूला केले. हुक गॅसने न कापता ग्राइंडरने कापला, वेल्डचा थोडा उंचवटा ठेवून, आणि मग तो घासून सपाट केला. तड्याच्या टोकाला ५ मिमीचं भोक मारलं म्हणजे तडा पुढे पळत नाही. रेघेवर ‘व्ही’ खाच केली, सुकवलेल्या ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरली, पुन्हा घासून सपाट केली. वरून दांड्याइतक्याच जाडीची पट्टी, दोन्ही टोकं तिरकी कापलेली, फक्त लांबीच्या दिशेने वेल्ड केली. दांड्याच्या आडवा, म्हणजे वरून खाली जाणारा वेल्ड कुठेच दिला नाही. दांड्याच्या आत लांब नळीने मेणाचं गंजरोधक फवारलं. यावर तो वेल्डर म्हणाला, ‘शेवटी वेल्डिंगच केलंत ना.’ केलं, पण तडा भरायला. ट्रॉलीचं ओझं त्या वेल्डवर टाकलेलं नाही, हुक त्याच्या पुढच्या धडधाकट भागात बोल्टने बसलाय.

आता तुमच्या हुकाकडे. भंगारातला हुक आधी पूर्ण उघडा करा, रंग लावलेला असेल तर जास्तच. सांध्यांवर वरची डिझेल-खडूची परीक्षा करा. बोल्टची भोकं लांबोळी झालेली असतील, किंवा पिनचं भोक अंडाकृती असेल, तर तो हुक परत करा. भोक भरून पुन्हा पाडून देतो असं कुणी म्हणालं तरी नाही. हुकावरचा गोळा, म्हणजे बॉल, व्हर्नियर कॅलिपरने दोनतीन दिशांनी मोजा. भंगारात दोन जातीचे बॉल मिसळलेले असतात: एक ५० मिमीचा, दुसरा २ इंची, म्हणजे ५०.८ मिमीचा. हा पाऊण मिमीचा फरक जीवघेणा आहे. २ इंची कपलर (ट्रॉलीच्या नाकावरची, बॉलवर बसणारी वाटी) ५० मिमीच्या बॉलवर आरामात बसतो, लॉकही होतो, आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर उडून सुटतो. क्वचित १ पूर्णांक ७/८ इंचीही निघतो, तो ४७.६ मिमीचा. कपलरवर आकडा कोरलेला असतो, तो वाचा. ५० मिमीचा बॉल झिजून ४९ च्या खाली आला असेल तर नवा घ्या, बॉल काही महाग नसतो.

बसवताना पहिलं काम म्हणजे दांड्याचं मागचं टोक उघडं करून बघणं, की तो ‘सी’सारखा उघडा आहे की पेटीबंद. उघडा असेल तर आतून ६ मिमीची पट्टी लावून बोल्ट आरपार घ्या, साधा वॉशर पुरत नाही. पेटीबंद असेल तर खरी मेहनत आहे. नुसता बोल्ट घालून आवळला तर पेटी चेपते, चेपली की बोल्ट सैल होतो, सैल झाला की भोक खातो. त्यासाठी आत स्लीव्ह हवी: जाड भिंतीचा पाइप, आतून १३ मिमी, बाहेरून २० ते २२. बाहेरच्या भिंतीला स्लीव्ह जाईल एवढं भोक, आतल्या भिंतीला फक्त बोल्टचं १३ मिमीचं. स्लीव्हची लांबी प्रत्येक भोकातून वेगळी मोजा, जुनी चॅसी दोन ठिकाणी सारखी भरत नाही. टोकं लेथवरच काटकोनात कापून घ्या, हॅक्सॉने कापलेली स्लीव्ह तिरकी बसते आणि बोल्ट वाकवते. बाहेरून मोठ्या भोकावर प्लेट येते, ती झाकली जाते.

भोकं दांड्याच्या उभ्या भिंतीतच मारा. वरच्या आणि खालच्या कडेला हात लावू नका, सगळा ताण तिथे असतो. चॅसीत मुळात असलेली भोकं जिथे जमतील तिथे तीच वापरा. नवं भोक जुन्या भोकापासून निदान ३५-४० मिमी लांब असावं. प्रत्येक बाजूला किमान तीन बोल्ट, चार असतील तर उत्तम, आणि ते एकाच जागी गोळा न करता पुढेमागे २०० मिमीपर्यंत पसरलेले, कारण बॉलवर वजन पडलं की हुक वळायला बघतो. बाजूच्या प्लेटा ८ मिमीच्या. बोल्ट एम-१२ (१२ मिमीचा), डोक्यावर मजबुतीचा ८.८ आकडा कोरलेलाच. सियागंजच्या बाजारात मागाल तर मिळतो, पण न सांगितल्यास बिनआकड्याचा हातात पडतो. थ्रेड रॉड, म्हणजे पूर्ण लांबीला आटे पाडलेली सळी, तर अजिबात नको. भोकांच्या कडा गोल करून झिंक प्रायमर, मग नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा), टॉर्क पान्याने ८० ते ८५ न्यूटन मीटर आवळलेला. बॉल दोन एम-१६ बोल्टवर असेल तर तिथे २०० च्या आसपास. आधी सगळे बोल्ट हाताने लावून मग तिरक्या क्रमाने आवळा, एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर हुक वाकडा बसतो. नटावर आणि प्लेटवर एक रंगाची रेघ ओढून ठेवा. ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावा, ५०० नंतर परत.

उंची ठरवताना जुन्या गाडीच्या कमानी बसलेल्या असतात हे धरून चाला. गाडीत नेहमीचं सामान टाकून सपाट जमिनीवर मोजा. बॉलचा मध्य ३५० ते ४२० मिमीमध्ये आला पाहिजे आणि ट्रॉली समतल उभी राहिली पाहिजे. मागचं दार बाजूला उघडतं, म्हणून ट्रॉली जोडलेली असताना दार जॉकी व्हीलच्या (ट्रॉलीच्या नाकाखालच्या छोट्या चाकाच्या) हँडलला लागतं का तेही तेव्हाच बघून घ्या.

ट्रॉलीच्या नाकावर किती वजन, याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. एकूण ५०० किलोची ट्रॉली असेल तर ३५ ते ५० किलो बॉलवर यावं. घरातला वजनकाटा लाकडाच्या ठोकळ्याखाली ठेवून मोजता येतं. कमी असेल तर ट्रॉली वेगात शेपटी हलवते, जनरेटर पुढे सरकवा. जास्तही नको: बोलेरोचा व्हीलबेस, म्हणजे दोन आखांमधलं अंतर, २,६८० मिमी, बॉल मागच्या आखापासून समजा एक मीटर मागे, तर बॉलवरचे ५० किलो मागच्या आखावर जवळपास ६९ होतात आणि पुढच्या चाकांवरून १९ किलो उचलले जातात. स्टीअरिंग हलकं लागतं ते यामुळे.

वायरिंगला सात पिनांचं सॉकेट घ्या. १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी फॉग, ३ पांढरी अर्थ (चॅसीला जोडायची वायर), ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवी टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावी टेल. पिळून टेप मारलेले जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवे पडतात. सोल्डर करा आणि हीट श्रिंक नळी चढवा. अर्थ चॅसीचा रंग खरवडून घ्या. ब्रेक दाबल्यावर ट्रॉलीचे सगळे दिवे मंद पेटायला लागले, तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ गेलेली असते. एका बाजूला २१ वॉटचा एक बल्ब वाढतो, इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर तो ओढत नसेल तर हेवी ड्यूटी घ्या.

दुसरा प्रश्न, किती ओढेल. तुमच्या ट्रॉलीचं भरलेलं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे आकडा देत नाही. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक लागतोच, मी तिथवरही जाऊ देणार नाही, कारण तुमच्या वाटेत भेरूघाट आहे. जुने ड्रम ब्रेक, मागून ढकलणारं वजन, उतार. वरूनच दुसरा गिअर टाका आणि घाट संपेपर्यंत काढू नका. बॉलच्या खालून दोन साखळ्या फुलीसारख्या ओलांडून बांधा, म्हणजे कपलर सुटला तरी नाक रस्त्यावर न आदळता साखळ्यांवर झेललं जाईल. साखळी हुकाच्या चौकटीला बांधा, बॉलच्या मानेला नको.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली स्वतःच मोटार वाहन धरली जाते, तिची नोंदणी वेगळी. गाडीत आरसी बुकाशी न जुळणारा बदल केला तर कलम ५२ लागतं. इंदूरच्या नायता मुंडल्याच्या आरटीओत आधी विचारून या, हुक बसवल्यावर नाही. विम्याच्या माणसालाही लेखी कळवा.

चॅसीचं मागचं टोक धुऊन उजेडात फोटो काढा, कपलरवरचा आकडा वाचा, ट्रॉली सामानासकट काट्यावर घाला. हे तीन पाठवलेत तर स्लीव्ह आणि प्लेटची मापं काढून देतो.