पेप्टाइडची साखळी लिहिण्याआधी

आधी ठरव: दाताच्या किडीवरच्या तुझ्या पेप्टाइडने, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने, जंतू मारायचेत की दाताचं खनिज परत बसवायचंय? दोन्ही एकाच रेणूत कोंबू नकोस. त्यात मी हात पोळून घेतलेत. खनिजासाठी पी११-४ हे पेप्टाइड नीट अभ्यास. अवघी ११ अमिनो आम्लं, पण किडीच्या आम्लतेत या साखळ्या आपसूक जुळून जाळं विणतात आणि त्यातल्या ग्लुटामिक आम्लाचे ऋणभार कॅल्शियम धरून ठेवतात. हे पांढऱ्या डागापर्यंतच हं, म्हणजे किडीच्या सुरुवातीलाच; खड्डा पडला की फिलिंगच. जंतूंची सरसकट कत्तल नको, निरुपद्रवी जंतू किडीच्या जंतूंची जागा अडवून आपल्याच फायद्याचं काम करतात. आणि चाचणी नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) उरकू नकोस, खरी लाळ घे. तिथली प्रोटिएज विकरं भल्याभल्या साखळ्यांचे तुकडे पाडतात.