सोरॉरिटी आणि आपला भोंडला

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद,

काल तू विचारलंस, "आई, आमच्या कॉलेजात सोरॉरिटी, म्हणजे फक्त मुलींची सभासद-मंडळं आहेत, तसं आपल्याकडे बायकांचं काही होतं का?" घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आधी तुमच्या अमेरिकेतल्या इंडियानातलीच गोष्ट. डीपॉ विद्यापीठाने मुलींना १८६७ साली प्रवेश दिला. तेव्हा त्याचं नाव इंडियाना ॲस्बरी होतं. बेटी लॉक ही तिथली विद्यार्थिनी. मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने, म्हणजे तसल्याच मंडळाने, तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला, सभासद मात्र करून घ्यायची तयारी नव्हती, असं सांगतात. तिने बिल्ला नाकारला आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींना घेऊन कप्पा अल्फा थीटा ही सोरॉरिटी सुरू केली. मला ही मुलगी फार आवडते.

आपल्याकडे बायका जमायच्या त्या सणावाराला. लग्नानंतर पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर, रात्रभर फुगड्या आणि झिम्मा. नवरात्रात भोंडला: मधे पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची. माझी आजी झाकलेला डबा आमच्या कानाशी हलवायची. आवाज आला नाही की आम्ही ओरडायचो, "शिरा!" सासरच्या कुरबुरी गाण्यांतून मोकळेपणी बोलता यायच्या, हे त्या फेराचं मोठं देणं.

पण हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसायचं, आणि जातीबाहेरच्या बाईलाही सहसा नाही. तिकडेही तेच. गोऱ्या मुलींच्या सोरॉरिटींची दारं कृष्णवर्णीय मुलींना बंद होती. मग वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय मुलींनी १९०८ मध्ये आपली अल्फा कप्पा अल्फा काढली. १९१३ मध्ये तिथल्याच २२ जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली, आणि त्याच वर्षी ३ मार्चला त्या वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या मोर्चात चालल्या.

आपल्याकडे हे दार सावित्रीबाई फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी उघडलं. १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात त्यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवणार, हे निमंत्रणातच लिहिलं होतं. त्या काळच्या पुण्यात! पुढे १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला याच रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून आल्या होत्या. परक्या देशात आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं मी याला म्हणते.

तेव्हा हो, होतं, आणि तुला सोरॉरिटीत जावंसं वाटत असेल तर खुशाल जा. फक्त नाव देण्याआधी तिथल्या मुलींना दोन गोष्टी विचार: वर्षाला पैसे किती भरावे लागतात, आणि गेल्या वर्षी कुणाला घेतलं नाही व का. पैशांचं मी आणि बाबा बघू. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला फोन करून सांग.

तुझी,
आई