लितोखोरोचं बुकिंग आधी बदला

तुमच्या आयटिनररीत 'ऑलिंपिया मुक्काम' आणि खाली हॉटेल लितोखोरोचं, हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लितोखोरो हे माउंट ऑलिंपसच्या पायथ्याचं गाव, ग्रीसच्या पार उत्तरेला. तुम्हाला हवंय ते प्राचीन ऑलिंपिक खेळांचं ऑलिंपिया पेलोपोनीजच्या (दक्षिण ग्रीसमधला द्वीपकल्प) पश्चिमेला, पिर्गोस शहराजवळ. एकाच ट्रिपमध्ये 'जाता जाता' होणारं हे प्रकरण नाही.

आमच्या एजन्सीनेही (नाव घेत नाही, उगाच कटकट) हेच केलं होतं. निघायच्या आधी मॅप पाठवून विचारलं तर उत्तर काय, "सर, आमचे सगळे क्लायंट इथेच राहतात." बदलून द्या म्हटलं तर कॅन्सलेशन चार्ज आमच्याच माथी, आणि वर सल्ला, अथेन्समध्ये ऑलिंपियन झ्यूसचं (ग्रीकांचा मुख्य देव) देऊळ आहेच की, ते बघा, तेच ते. अहो तेच ते कसं? ते रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात पुरं झालं, आणि १८९६ चं ऑलिंपिक झालं ते संगमरवरी स्टेडियमही अथेन्सचंच. फोनवर गोड बोलतात, मेलला उत्तर नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, हॉटेलचा पत्ता आणि 'पिर्गोसजवळ' हे शब्द मेलवर लिहून घ्या, तोपर्यंत पैसे सोडू नका. सगळे एजंट असे नसतात, हेही मान्य.

आम्ही शेवटी आपलं आपण अथेन्सहून पिर्गोसची बस आणि तिथून लोकल बस धरून गेलो. रविवारचं टाइमटेबल आधी बघा.

तिथे बहुतेक लोक प्राचीन स्टेडियमच्या ट्रॅकवर पळतानाचा फोटो काढून परत फिरतात. ट्रॅक साधारण १९२ मीटरचा, दगडी पायऱ्या नाहीत, प्रेक्षक उतारावरच बसायचे. २००४ च्या ऑलिंपिकची गोळाफेक इथेच झाली. पण मुळात हे झ्यूसचं तीर्थक्षेत्र, खेळ त्या उत्सवातला भाग, आणि उत्सवात झ्यूसला शंभर बैलांचा बळी. जाळलेल्या बळींच्या राखेची साचत साचत मोठी वेदी झाली होती, आज तिचं काहीच उरलेलं नाही. इथल्या झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात पडलेत, त्यांच्या गोल दगडी चकत्या ओळीने तशाच लवंडलेल्या, एकच खांब परत उभा केलाय. फिडियास या शिल्पकाराने झ्यूसची ती प्रचंड सोन्या-हस्तिदंताची मूर्ती जिथे घडवली त्या वर्कशॉपचं नंतर चर्च झालं, त्याच्या भिंती मात्र आहेत. ऑलिंपिकची ज्योत पेटवतात ती हेराच्या (झ्यूसची पत्नी) देवळासमोर, आरसा वापरून, सूर्यकिरणांवर.

मला सगळ्यात आवडलं ते स्टेडियमच्या बोगद्याआधीचं. तिथे दगडी चौथऱ्यांची रांग आहे. लबाडी करणाऱ्या खेळाडूंकडून दंड वसूल करून त्या पैशातून झ्यूसचे ब्राँझचे पुतळे उभारायचे, कोणी काय केलं ते खाली लिहून, म्हणजे मैदानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते दिसणारच. पहिले सहा इ.स.पू. ३८८ चे, मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली म्हणून. ट्रॅव्हल एजन्सीवाल्यांसाठी अशी एक रांग एअरपोर्टवर हवी, असं तिथे उभं राहून फार वाटलं.

म्युझियम सोडू नका. झ्यूसच्या देवळाच्या पश्चिमेकडच्या शिल्पपटातला मधोमध हात पसरलेला अपोलो देव बघायला तरी जाच. उन्हाळ्यात साइट सकाळी, म्युझियम दुपारी. व्हेज असाल तर टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे मिळतात, नाव 'गिगांतेस', पोटभर होतं.

व्हिसाच्या फाइलमध्ये जुनं हॉटेल जोडलं असेल तर आधी तिथे विचारा आणि मगच बदला, त्यातलं मी अधिकाराने सांगू शकत नाही.